तिन्हीसांजेचं बटण

मलकपेठच्या निर्मलाबाईंनी जन्मभर कोठी भागातल्या शाळेत गणित शिकवलं. घोळ त्यांना खपायचाच नाही. आणि अमेरिकेतली लेक ऋचा ज्यावर बोलायची, तो घरातला इंटरनेटच्या डब्ब्यावर चालणारा फोन रोज ऐन तिन्हीसांजेला तासभर मरून पडायचा. शेवटी त्यांनी मोबाइलवरून कंपनीच्या माणसाला फैलावर घेतलं.

“अम्मा, लाइन ठीक है. रोज शाम को डब्बे का बटन कोई बंद कर रै.”

“काहीतरीच! घर में मैं अकेली रहती!”

“तो आज नजर रखो. मैं लाइन पे हूं.”

मोबाइल कानाशी धरूनच बाईंनी देवापाशी दिवा लावला. यजमान असताना याच वेळी घरभर फिरून बटणं बंद करायचे आणि तासाभराने लावायचे. संध्याकाळी व्होल्टेज वरखाली होतं म्हणे! त्यावरून रोज खटका उडायचा. त्यांना जाऊन वर्ष झालं.

खट् आवाज झाला. डब्ब्याचा हिरवा दिवा विझला होता आणि बटणावर बाईंचाच हात होता.

“अम्मा, बंद हो गया! कौन किया?”

बाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

“आमच्या ह्यांनी,” त्या म्हणाल्या, आणि बटण तसंच राहू दिलं.