गर्दी मोजणारे साहेब

“सरासरी सांगू नका, गर्दी सांगा!” हे वाक्य ऐकलं नाही असा आमच्या साखर कारखान्यात कुणी नव्हता. एसटी स्टँड असो की पिठाची गिरणी, रांग दिसली की आमचे साहेब मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे राहत. स्वतःच्या लग्नातही पंगतींकडे बघत ते असेच उभे होते, असं वहिनी सांगत. रांगेचं वेड असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण मुंडावळ्या बांधलेली नसतील.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. ऊसतोडीचे हिशोब पुण्याच्या एका कॉम्प्युटरवर करून घ्यायचं घाटत होतं. तेव्हा कॉम्प्युटरला माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवरून द्यायची; ती भोकं पाडायचं काम माझं. साहेबांचं काम वेगळं. हंगामात मशीनवर काम किती आणि कसं येऊन पडेल, याचा कार्डांचा छोटासा नमुना बनवायचा आणि त्यावर मशीन पारखून घ्यायचं. ऐन वेळी मशीन तुंबलं, तर हिशोब होऊन पैसे मिळेपर्यंत पाथर्डीकडची तोडणीची माणसं गाडीतळावर अडकून पडणार होती.

“हंगाम संपल्यावर घरी जायचं सोडून लेकराबाळांसकट ताटकळतील हो बिचारी,” साहेब म्हणत. “मला नाही बघवणार ते.”

पहिला नमुना मात्र त्यांनी अगदी शहाण्यासारखा केला आणि तिथेच फसले. ठरावीक वेळाने एक बैलगाडी, एक वजनाची चिठ्ठी, एक कार्ड. मग खात्री करायला वजनकाट्यावर गेले, तर काटा रिकामा आणि कारकून डुलक्या घेतोय. थोड्या वेळाने बघावं तर गाड्यांची शेपटी थेट रस्त्यापर्यंत!

“अहो मुकादम, सुटे सुटे या की,” साहेब वैतागले.

“आन् एकाद्याचं चाक मोडलं तर? त्याला टाकून म्होरं यायचं व्हय? टोळी म्हंजी टोळी, सायेब. आमी संगंच येनार.”

साहेबांनी ते कार्डांचं बाड माझ्या टेबलावर आदळलं. “बाई, हे सगळं पुन्हा. काम घोळक्याने येतं. सरासरी सांगू नका, गर्दी सांगा!” ते वाक्य जन्माला आलं ते त्या दिवशी.

मग रंगीत तालीम. आवारात टेबल टाकून हेडक्लार्कना कॉम्प्युटर केलं, शिपायाला छपाईयंत्र, आणि बाकीच्यांना चिठ्ठ्या देऊन घोळक्याने सोडलं. ऐन गर्दीत कॉम्प्युटर उठून चहाला गेला.

“साहेब, मशीन थोडंच चहा पितं?” मी म्हटलं.

“बंद तर पडतं ना? तेही धरा.”

पुण्यात कंपनीच्या माणसाने आधी स्वतःची कार्डं लावली. मशीन लोण्यासारखं चाललं. मग आमची लागली. टोळीमागून टोळी येत गेली आणि मशीन जे मागे पडलं ते पडलंच.

“असं काम कुठे येतं का?” कंपनीवाला चिडला.

“आमच्याकडे येतं. या एकदा काट्यावर, गूळ-शेंगदाणे देतो,” साहेब खुशीत म्हणाले. मशीन हरलं याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी हंगाम संपेपर्यंत काम साठवायचं नाही, टोळी आली की तिची कार्डं लगेच पुण्याला धाडायची, असं ठरलं. त्या हंगामात गाड्या निघायच्या आधी हिशोब तयार होते. मुकादम साहेबांना भेटायला आला, अर्थातच सगळी टोळी घेऊन. वहिनींचा चहा पुरला नाही.

साहेब गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आजारपणात त्यांनी वहिनींना बजावून ठेवलं होतं, “माझ्यामागे चहाचं मोठं आधण ठेवू नकोस. अधूनमधून एखादा माणूस येईल.” ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळभर खरंच कुणी फिरकलं नाही. साहेबांच्या नगरच्या घरात मी आणि वहिनी दोघीच दाराकडे बघत बसलो होतो. मला फार वाईट वाटत होतं.

दुपारी गल्लीत एकापाठोपाठ एक जीपगाड्या येऊन थांबल्या. म्हातारा मुकादम काठी टेकत पुढे आला. मागे अंगणात मावेना इतकी माणसं.

“उशीर झाला, वैनी,” तो म्हणाला. “वाटंत एका जीपचं चाक बसलं. मंग समदेच थांबलो.”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. “जन्मात एकदाच यांनी सरासरी सांगितली,” त्या म्हणाल्या आणि मोठं पातेलं काढायला आत गेल्या.