सासूबाईंचा अंगठा

“माही सासू? खात्यात? बाई, तुमचं डोकं ठिकानावर हाय ना?” नारायणभाऊ पोस्टाच्या बाकावरून उठूनच उभे राहिले.

मी तेव्हा मलकापूरला अल्पबचतीची एजंट होते. म्हणजे घरोघर जायचं, लोकांना पोस्टात पैसे टाकायला लावायचं आणि त्यावर थोडं कमिशन घ्यायचं. शाळा माझी चौथीत सुटली. हे काम मी फिरता फिरताच शिकले.

नारायणभाऊ वडनेर भोलजीचे. मळ्यात मिरची, वांगी. कमाई चांगली, व्यसन नाही, कर्ज नाही. पण पैसा टिकत नव्हता. त्यांची सुमन मॅट्रिकला होती, तिला पुढे मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. फीचे आणि होस्टेलचे पैसे साठले नाहीत तर तिचं लग्न लावून द्यायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं.

आधी मी त्यांना व्याज समजावलं. त्यांनी मान हलवली, पैसे टाकले आणि लगेच काढलेही. पुन्हा टाकले, पुन्हा काढले. शेवटी त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना विचारलं, जातात तरी कुठे?

“जातीन कुठं? चुलतभाऊ येते, साडू येते. याह्यले ‘नाही’ म्हनताच येत नाही. कोनी येऊन बसलं का हे निंगाले पोस्टात.”

आता बघा, माणसाला हिशेब येत होता हो, नकार येत नव्हता. त्याला व्याज शिकवून काय उपयोग? त्याला एक सबब हवी होती. अशी, की मागणाराच गप्प बसेल.

जॉइंट खातं दोन प्रकारचं असतं. एकात दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं, दुसऱ्यात दोघांच्याही सह्या लागतात. मी म्हटलं, दुसरं काढा, आणि जोडीला सासूबाईंना घ्या. बायकोची सही काय, चुलीपाशी बसून मिळते. पण आपल्याकडचा जावई सासरी पाय धुवून घेईल, हात पसरणार नाही.

पोस्टमास्तर हसायला लागले. “नवराबायकोचं पाहिलं, भावाभावाचं पाहिलं. सासू-जावयाचं खातं काही पाहिलं नाही.”

“नियमात बसतं का, तेवढं सांगा.”

“दोन सज्ञान माणसं पाहिजेत. बसतं!”

सुमनच्या फीसाठी म्हणून नारायणभाऊ कसेबसे तयार झाले. कमलाबाई स्वतः जाऊन आईला, पार्वताबाईंना, जळगाव जामोदहून घेऊन आल्या. खातं निघालं.

पहिला आला चुलतभाऊ. “फटफटी घेऊन राह्यलो. थोडे कमी पडतेत.”

“देल्ले असते बे. पन सासूचा अंगठा लागते.”

“काऊन?”

“खातंच तसं हाय.”

“मंग तू सासूले मागशीन? राहू दे बापा!” चहा पिऊन गेला बिचारा. गोष्ट भावकीत पसरली आणि मागणारे थांबले.

सुमन पास झाली, ट्रेनिंगला नंबरही लागला. आणि आमचे नारायणभाऊ अडून बसले. “मी नाही मागत सासूले.”

“अहो, पैसे तुमचेच आहेत!”

“पन हात तं माहाच पसरन ना, बाई!”

कमलाबाई म्हणाल्या, मी आणते अंगठा. तेही नको. “बायकोले पुढं केलं म्हनतीन लोक.” फी भरायची तारीख जवळ आली, पोरगी रडकुंडीला. कुलूप मीच लावलं होतं, आणि ते चांगलंच पक्कं लागलं होतं.

नशीब, ते साल धोंड्याचं होतं. अधिक महिना चालू होता, सासूनं जावयाला बोलावून वाण द्यायचं. कोरा फॉर्म पिशवीत घालून मी एसटीनं जळगाव जामोद गाठलं आणि पार्वताबाईंना सगळं सांगितलं.

म्हातारी मिश्री लावत ऐकत होती. “मागाले लाजते ना? घ्याले तं नाही लाजत? आना तो कागद.”

पैसे काढायच्या फॉर्मवर तिनं अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

जावई जेवायला आले. वाणाच्या ताटात अनारसे, आणि अनारशांखाली घडी घातलेला फॉर्म.

“हे काय?”

“वान हाय, जवाईबापू. वानाले नाही म्हनत नसतेत.”

नाही म्हणायला त्यांना येत होतं कुठे! फॉर्म उचलला आणि अंगठ्याशेजारी आपली सही केली.

सुमन ट्रेनिंगला गेली, पुढे मास्तरीण झाली. मी मात्र तेव्हापासून गिऱ्हाइकाला व्याजाचा दर नंतर सांगायला लागले. आधी विचारायची, तुम्ही कोणापुढे हात पसरणार नाही? आणि कुलूप लावायच्या आधी ते उघडणार कसं, हेही ठरवून घ्यायची. धोंड्याचा महिना काही दर वर्षी येत नाही.