तात्याशेठचं गुप्त गिऱ्हाईक

आता तुम्हाला काय काय म्हणून सांगू! माणसाच्या हातून आयुष्यात एखादा घोटाळा होतो, फार तर दोन. पण नुसते प्रश्न विचारून कुणी आख्खी पेठ भांडायला उभी केलेली ऐकलीय? मी केलीय. तीही सांगलीत, जिथं मला काळं कुत्रं विचारत नव्हतं!

चहा आधी संपवा. हसताना अंगावर सांडाल, म्हणून म्हणतो.

लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. मी साताऱ्यात मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. जेवायला बसलं की वडील आईला म्हणायचे, "त्याला भाकरी जास्त वाढ गं, दिवसभर बसून दमलाय बिचारा." भाकरी घशाखाली उतरायची नाही हो! कुणी चपराशी करतो म्हटलं असतं तरी मी पळत गेलो असतो.

आमच्या पेठेत तात्याशेठ म्हणून किराणावाले होते. साताऱ्यात मोठं दुकान, एक लोणंदला, एक सांगलीला. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"वसंता, लोणंदच्या दुकानात हिशेबाला माणूस पायजे. तुला ठेवीन म्हणतो."

मी वाकून नमस्कारच केला.

"थांब, थांब. आधी एक काम हाय. सांगलीच्या दुकानातनं गिऱ्हाईक माघारी जातंय, असं कानावर आलंय. अण्णा गादीवर बसतो, दादू तागडी धरतो. मी गेलो की दोघं लय गोड बोलत्यात. माझ्या माघारी कसं बोलत्यात, कुणाला ठावं? तुला तिथं कोण वळखत न्हाई. तू गिऱ्हाईक होऊन जा."

"खोटं गिऱ्हाईक?"

"गुप्त म्हण रं! मुंबैच्या बड्या पेढ्या असंच करत्यात म्हणं."

साखर आणि रॉकेल तेव्हा रेशनच्या कार्डावर मिळायचं, तिथं गिऱ्हाइकाला तोंडच नव्हतं. म्हणून तात्याशेठनी कार्डाबाहेरच्या उघड्या मालाचे सात प्रश्न तयार करून माझ्याकडून घोकून घेतले. गूळ औंदाचा का गेल्या सालचा? हळद घरी दळलेली का आयती? चव बघू का? मिरची तिखट का नुसती लाल? समोरच्या दुकानात स्वस्त मिळतं, मग तुमच्याकडून का घ्यावं? वजनाची खात्री काय? माल बिघडला तर परत घ्याल का? आणि शेवटी, 'बघतो, विचार करून येतो' म्हणून फिरायचं.

"सकाळी दुकान उघडलं की जायचं. गर्दी नसती. आन् रोज तेच प्रश्न इचारायचे. पैल्या दिवशी सगळीच गोड असत्यात, खरं तोंड मागनं दिसतं."

"आणि खरेदी?"

"दिडकीची न्हाई! घेणाऱ्याशी कोण वाकडं बोलतंय? न घेणाऱ्याशी कसं बोलत्यात, तेच बघायचंय मला."

काय डोकं बघा! मी तर भारावून गेलो. घरी येऊन आईला दुकानदार केलं आणि सराव सुरू केला. दुसऱ्याच प्रश्नाला ती म्हणाली, "घ्यायचंय का नुसतं विचारायचंय? मला आमटीला फोडणी द्यायचीय." आई दुकानदार म्हणून नापास झाली. पण मी पाठांतरात पक्का झालो. एवढा पक्का, की मधेच कुणी बोललं तर गाडी रुळावरून घसरायची आणि पुन्हा गुळापासून सुरुवात करावी लागायची.

रेल्वेनं मिरज गाठली, तिथून सांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर हजर झालो. दादूनं नुकत्याच फळ्या काढल्या होत्या. उंबऱ्यावर पाणी शिंपडून तो तागडीला उदबत्ती ओवाळत होता. चांगला धिप्पाड गडी, पण बोलणं असं मऊ!

"या पावणं! सकाळच्या पारी लक्ष्मी आली. काय देऊ?"

"गूळ औंदाचा का गेल्या सालचा?"

त्यानं ढेप फोडून खडा हातावर ठेवला. हळद तळहातावर चोळून दाखवली. समोरच्या दुकानाचा प्रश्न आला तेव्हाही शांतपणे म्हणाला, "त्येंचा माल बी चांगला हाय. आमचा बघा, पटला तर घ्या." याहून चांगलं उत्तर कोण देईल? मी खूष झालो, "बघतो, विचार करून येतो" म्हणालो आणि वळलो.

"आवं पावणं! भवानी व्हायची हाय अजून!"

भवानी म्हणजे सकाळची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं फिरलं की दिवस खोटा गेला, असं आपल्याकडचा प्रत्येक दुकानदार मानतो. मला ठाऊक नव्हतं का? आमच्या आईनं सकाळच्या भाजीवालीची पाटी उतरवून घेतली, की कोथिंबिरीची जुडी तरी घेतल्याशिवाय तिला कधी उठवली नाही. पण माझ्या डोक्यात सात प्रश्न आणि 'दिडकीची न्हाई' एवढं ठासून भरलं होतं की बाकी अक्कल बाहेरच राहिली होती.

"पैशाचं मीठ तर घ्या."

"नको."

"बरं, फुकट न्या! निस्ता एक पैसा तागडीला लावू द्या, तुमचा तुमाला माघारी देतो."

एवढं तर भिकारीसुद्धा ऐकेल हो! मी मात्र काय केलं असेल? पळालो. धोतराचा सोगा धरून चक्क पळालो. आणि पळता पळता मनात नोंद केली, 'गिऱ्हाइकावर बळजबरी करतात.'

दुसऱ्या दिवशी गेलो तर दाराला ताजं लिंबू आणि मिरच्या टांगलेल्या. मला काय कौतुक, म्हटलं दुकान किती व्यवस्थित ठेवतात! आज अण्णा स्वतः गादीवरून उठून पुढं आले होते. कपाळाला गंध, डोक्याला पगडी, चेहरा मात्र रात्रभर झोप न झालेल्या माणसाचा.

"गूळ औंदाचा का..."

"काल सांगितलं की वो तुमाला दादूनं."

घसरली गाडी. मी पुन्हा सुरुवात केली, "गूळ औंदाचा का गेल्या सालचा?"

अण्णांनी दादूकडं बघितलं. दादूनं अण्णांकडं बघितलं. मी नेटानं पाचव्या प्रश्नापर्यंत पोचलो. "समोरच्या दुकानात स्वस्त मिळतं, मग तुमच्याकडून का घ्यावं?"

"खरं सांगा," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "समोरच्या रामशेठनं धाडलंय न्हवं तुमाला? आमची भवानी मोडाय?"

आता हा प्रश्न काही माझ्या पाठांतरात नव्हता. मी सहावा विचारला, "वजनाची खात्री काय?"

अण्णांचा संशय तिथंच पक्का झाला. त्यांनी नुसती मान हलवली. दादू आतून निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आला, त्यात मीठ, मोहरी आणि चांगल्या मूठभर लाल मिरच्या टाकल्या आणि माझ्यावरून, तागडीवरून, गादीवरून ओवाळायला लागला. असा धूर उठला म्हणता! अण्णा खोकले, दादू खोकला, रस्त्यावरची गाढवं शिंकली. पायरीवर आलेली दोन गिऱ्हाइकं डोळे पुसत समोर रामशेठकडं गेली.

आणि मी? मला गाडीतल्या वाऱ्यानं अशी सर्दी झाली होती की नाकात काही शिरतच नव्हतं. मी त्या धुरात निवांत उभा राहून सातवा प्रश्न विचारत होतो.

"अण्णा!" दादू ओरडला. "आख्ख्या पेठंला ठसका लागला, आन् ह्येला काय बी न्हाई! मंग नजर कुणाची हाय वो?"

मी म्हणालो, "बघतो, विचार करून येतो."

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. सगळी पेठ उघडली, यांच्या फळ्या लावलेल्याच. मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाइकं यायची, बंद दार बघून माघारी फिरायची. फळीच्या फटीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"गेला का रं?"

"न्हाई वो. हुबा हाय खांबावानी."

मी मनात नोंद केली, 'दुकान वेळेवर उघडत नाहीत.' अशी अक्कल!

सर्दीनं डोकं जड झालं होतं. समोरून रामशेठनी हाक मारली, "आवं पावणं, उनात का हुबं? या, च्या घ्या." गोल गरगरीत, हसतमुख माणूस. मी विचार केला, तात्याशेठनी खरेदीची बंदी घातलीय ती त्यांच्या दुकानापुरती. इथं काय हरकत आहे? मी पायरी चढलो, चहा घेतला आणि सर्दीवर म्हणून पैशाची सुंठ मागितली. रामशेठनी माझा पैसा तागडीला लावला, मग कपाळाला लावला आणि हात जोडले. त्यांची भवानी मीच केली होती!

समोर धाडदिशी फळी पडली. दादू तागडीची दांडी घेऊन बाहेर आला, मागं अण्णा पगडी सावरत.

"बघितलंसा? आमच्याकडं मीठ फुकट घेत न्हवता, हितं सुंठ इकत घेतोय! च्या बी पितोय!"

"रामशेठ," अण्णांचा आवाज थरथरत होता, "आमी समोरासमोर म्हातारं झालो. धंदा चोरा, माल चोरा, पर भवानी मोडाय माणूस लावावं? आमचा मालक आता आमाला ठेवंल का घरी घालवंल?"

"देवाशपथ सांगतो, मी ह्या माणसाला आजच बघतोय!" रामशेठ ओरडले. "कोण हायसा वो तुमी?"

सगळी पेठ माझ्याकडं बघायला लागली. हमाल थांबले, तेलाची गाडी थांबली. मी गुप्त! बोलावं कसं? मी सुंठेचा खडा तोंडात टाकला आणि चघळत राहिलो.

तेवढ्यात टांगा आला. आतून तात्याशेठ उतरले. अण्णांनी आदल्या दिवशी तार केली होती, 'समोरच्यानं माणूस लावलाय, धंदा बसला, ताबडतोब या.' तात्याशेठ गर्दीत शिरले ते गरजतच, "कुठं हाय त्यो? दाखवा मला!"

सगळ्यांनी मला दाखवलं.

त्यांचं तोंड उघडलं ते मिटेचना. मग माझी कॉलर धरून त्यांनी मला टांग्याच्या पलीकडं नेलं.

"काय केलंस रं ह्ये?"

"तुम्ही सांगितलं तसंच. अक्षर इकडचं तिकडं नाही."

"भवानीला रिकामा फिरलास?"

"दिडकीची खरेदी करायची नाही म्हणालात."

"आरं, म्हणून भवानीला? माझ्याच गाडीखर्चानं माझ्याच दुकानाची भवानी मोडलीस व्हय रं?"

मला रडू यायचं बाकी होतं. अण्णांचा तो थरथरता आवाज अजून कानात होता. म्हटलं, "तात्याशेठ, माणसं सोन्यासारखी आहेत तुमची. मला एक वाकडा शब्द बोलली नाहीत. सांगून टाका त्यांना, मला तुम्हीच पाठवलं म्हणून."

"आन् मी पाळत ठेवली म्हणून दोघं उद्या दुकान सोडून जातील, ते? गप ऱ्हा."

घरचं ताट डोळ्यांपुढं आलं, वडिलांचं ते 'दमलाय बिचारा' कानात आलं. शेवटी धीर करून विचारलं, "माझी नोकरी... गेली ना?"

तात्याशेठ टांग्याच्या आडून पेठेकडं बघत होते. अलीकडं त्यांचं रिकामं दुकान, पलीकडं रामशेठकडं झुंबड. बघता बघता त्यांचा राग उतरला आणि मिशीआडून हसू फुटलं.

"दिली नोकरी."

"लोणंदला?" मी त्यांचे पायच धरले.

"छ्या! हितंच, सांगलीत. उद्यापासनं रोज सकाळी रामशेठच्या दुकानात जायचं. तेच प्रश्न इचारायचे, आन् रिकाम्या हातानं फिरायचं."

"आणि पगार?"

"पगार मी कशाला देतोय? रामशेठच देईल की, तू यिऊ नयेस म्हणून!"