बाद ठरवलेलं उत्तर

ओल्या खोबऱ्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. नव्वदच्या सुमारास नानाखेड्याच्या घरी बाबा दर रविवारी एखादी टाकाऊ वस्तू पुढे ठेवायचे, आणि आम्हा भावंडांना तिचा नवा उपयोग सांगावा लागे. त्या दिवशी नुकती खरवडलेली करवंटी होती.

दादा म्हणाला, "चिमण्यांना पाणी ठेवू."

मी म्हटलं, "रंगवून राम घाटावर यात्रेकरूंना विकू."

"वा रे सेठानी!" दादा खिदळला.

"बाद," बाबा म्हणाले. "हा डोक्याचा खेळ आहे, दुकानदारीचा नव्हे. आपण नोकरीवाली माणसं."

"मग गिऱ्हाईक शोधायला डोकं लागत नाही?" मी ओरडले. चिमण्या जिंकल्या.

आज माझं स्वतःचं दुकान आहे. खरेदीला निघताना बाबा मलाच हाक मारतात, "चल गं, भाव तू कर." ते 'बाद' मात्र त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही.