टाकीमागचा कागद

आज दातांच्या दवाखान्यात माशांच्या टाकीचा शेवाळी वास आला आणि महादेवपुऱ्यातलं ते माशांचं दुकान आठवलं. आमचं लग्न नवं होतं. टाकीच्या मागच्या काचेला लावायला मी निळा कागद उचलला.

"सरी अक्का, केशरी मासे यावर उठून दिसतील," कानडी दुकानदार होकार देत म्हणाला.

नवऱ्याने मात्र निळ्या आणि काळ्या, दोन्ही कागदांचे फोटो कुणाला तरी पाठवले. उत्तर येताच तो हसून म्हणाला, "काळाच घेऊ."

मला वाटलं, बहिणीला विचारलं असेल. ते उत्तर कुणाचं होतं, हे पुढे तो मला सोडून एका दुसऱ्या बाईच्या घरी कायमचा राहायला गेला तेव्हा कळलं. दुकानातून परतल्यावर त्या संध्याकाळी मी मात्र एकही बुडबुडा राहू नये म्हणून तिच्या पसंतीचा कागद काचेवर तळहाताने हळूहळू दाबत होते.