डोहातल्या मरळी

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावच्या भातगिरणीत मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. रविवारी गिरणी बंद. आम्ही तिघे-चौघे बाबूलोक गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन नदीवर जायचो, पोटासाठी नव्हे, हौसेखातर. नदी रिकामी होते ती जाळ्यानं, गरीनं काय होतंय, असं आम्ही छाती फुगवून सांगायचो.

डोहाकाठी मासेमारी करणारा एक ढिवर राहायचा. त्याचं घर त्या डोहावरच चाले. जेठात नदी आटून डोहापुरती उरली, की माशांचं बेणं राहावं म्हणून तो जाळं गुंडाळून ठेवायचा अन् पाऊस लागेस्तोवर मजुरीला जायचा. एकदा त्यानं मला हात धरून काठावर नेलं. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका हलत होता.

"भाऊ, मरळीचे पिल्ले होत हे. माय खाली राखन करून राह्यली. इथी गरी नोका टाकू जी. माय गेली त बाकीचे मासे पिल्ले खाऊन टाकतेत."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला एवढंच कळलं, की मोठी मरळ नेमकी कुठं असते. पुढच्याच रविवारी मी पुंजक्याजवळ गरीला बेडकी लावून सोडली. पिल्लांपाशी काही आलं की मरळ रागानं झडप घालते, चुकायची सोयच नाही. बापरे, काय जोर होता तिला! सोबत्यांनी पाठ थोपटली. पिल्लांकडं कोणी पाहिलं नाही. मग मी सगळ्यांना ती युक्ती शिकवली. दुसऱ्याला शहाणपण शिकवायची मला भारी खाज. दोन उन्हाळे आम्ही हेच केलं.

तिसऱ्या वर्षी पुंजके दिसेनात. आमची हौस दुसऱ्या डोहाकडं सरकली. ढिवर कुठं सरकणार? तो बाराही महिने गिरणीत पोती उचलायला येऊ लागला. मला रोज रामराम करायचा. मी दुसरीकडं बघायचो.

त्या हिवाळ्यात त्याची बायको माझ्या दारात आली.

"पोरगी बाळंत झाली जी. तिले मरळीचा रस्सा द्याचा आहे. डोहात गावतच नाई. घरचे मनते, भाऊले जागा म्याच दाखवली, भाऊपाशी असनच."

माझ्याकडं नव्हती. असं काऊन झालं, हे तिनं विचारलं नाही, अन् सांगायची माझी छाती झाली नाही. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. घरात बाजारातून आणलेले सुके बोंबील होते. ते त्या ढिवराच्या बायकोच्या पदरात घातले. "बरं जी," म्हणाली अन् घेऊन गेली.