दोरीवरची पांढरी साडी

नेरच्या दवाखान्यात नर्स असलेल्या निर्मला सिस्टरांनी मला शिकवलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोजणीचं काम मिळालं, तेव्हा पहिले पेढे त्यांनाच दिले.

आर्णीकडच्या एका उपकेंद्रात गेलो. बाहेर दोरीवर नर्सची पांढरी साडी वाळत होती. पायरीवरच्या म्हातारीने मला पाहून बंद खोलीचं दार वाजवलं.

"सिस्टर, पावणे आले."

ती थांबली, आतून काही ऐकल्यासारखी मान हलवली आणि मग कुलूप काढलं. आत खाट, ताणून घातलेली चादर. माणूस कोणी नाही.

"सिस्टर कुठे आहेत, आजी?"

"बदली झाली ना बाप्पा, कवाचीच. साडी राह्यली तिची. रोज धुऊन टाकतो. साडी दिसली का पोटुशा बाया भेत नाईत. मांगचा मोजनारा तं गाडीवरूनच साडी पाहून गेला!" ती हसली.

म्हणजे कागदावर सिस्टर हजर होती. म्हणूनच नवी येत नव्हती. मी हे सांगितलं, तेव्हा तिचं हसू गेलं. तिच्याच सुनेला नववा महिना लागला होता. तरी मी निघताना ती दाराच्या फटीशी वाकून कुजबुजली, "रागावू नोको वं सिस्टर, यानं तुले नाई मोजलं."

 घरी पोचताच मी निर्मला सिस्टरांना पत्र लिहिलं.

"सिस्टर, आर्णीकडच्या एका उपकेंद्रात नर्सची जागा रिकामी आहे असं मी नोंदवलं आहे. नवी नेमणूक कधी होईल, ठाऊक नाही. तिथल्या एका आजीच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. तुम्ही निवृत्त आहात, तरी याल का? आल्यावर आजीचा हात धरून बोला. तुम्ही खऱ्या आहात, हे तिला पटायला वेळ लागेल."